नाव कळण्याआधी नियम

शूराचा मान कसा राखावा, हे पोलादपूर तालुक्यातील उमरठ गावाला कोणी शिकवावे लागत नाही. १६७० साली सिंहगडावर धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह मढे घाटाने खाली आणून याच मातीत ठेवला, अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली श्रद्धा आहे, आणि त्यांची व शेलारमामांची समाधी येथे असल्यामुळे एका माणसाचे शौर्य साऱ्या मुलखाची मालमत्ता कसे होते, हे या भागातील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु शौर्याचा गौरव जेथे इतका उत्कट आहे, तेथे गौरव पावलेल्या माणसाच्या हातून घरात अन्याय झाल्याची फिर्याद आली असता समाजाने आणि त्याला मोठेपण देणाऱ्या संस्थांनी काय करावे, या प्रश्नाचे उत्तरही तितक्याच निःसंदिग्धपणे तयार असले पाहिजे. ते आज आपल्यापाशी नाही.

आजच्या काळी या डोंगराळ मुलखातील तरुणांचा पराक्रम कबड्डीच्या मैदानावर दिसतो. भातकापणी उरकून खाचरे मोकळी झाली की महाड आणि पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून सामने भरतात, मुंबईला चाकरीस गेलेली मंडळी रजा टाकून गावच्या संघासाठी धावत येतात, आणि ज्याची चढाई अडवता येत नाही अशा एखाद्या पोराला कोणत्या तरी कंपनीच्या, रेल्वेच्या वा पोलीस दलाच्या संघात जागा मिळाली, तर त्याच्या घरावरची कौले जाऊन स्लॅब पडते. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून या स्वप्नाचा पल्ला फार लांबला आहे. मातीत घोट्यापर्यंत बुडणारा पाय मॅटवर पडतो, दूरचित्रवाणीवर त्याचे नाव पुकारले जाते, लिलावात त्याची किंमत लाखांत होते. आणि ते यश एकट्याचे न राहता भावकीचे, गावाचे, मुंबईतील मंडळाचे होऊन बसते.

यश सर्वांचे झाले, की त्याला डाग लागू न देण्याची जबाबदारीही सर्वजण आपल्या शिरावर घेतात, आणि ती बहुधा त्या घरातील स्त्रीच्या जिवावर पार पाडली जाते. नवऱ्याने हात उगारला हे सासूला कळलेले असते, जावेला कळलेले असते, शेजारच्या पडवीत बसलेल्यांनाही कळलेले असते; परंतु गावकीतील वडीलधारी माणसे तिला समजावतात ती एकाच शब्दांत, की सूनबाई, आता कुठे पोराचे दिवस आले आहेत, घरातले घरात राहू दे, तू चौकी गाठलीस तर त्याचे वाटोळे होईल. बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. परंतु या उपदेशाचा अर्थ एवढाच उरतो, की नवऱ्याच्या उत्कर्षाची किंमत बायकोने आपल्या अंगावरील वळांनी चुकवावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. खेळाडूंची घरे या समाजाबाहेरची नाहीत, आणि खेळाडू इतरांहून अधिक हिंसक असतात असे म्हणण्याचाही माझा हेतू नाही. भेद आहे तो इतकाच, की सामान्य माणसाच्या पाठीशी कुटुंब उभे राहते, तर नामवंत खेळाडूच्या पाठीशी गाव, संघ, मालक, प्रायोजक आणि लक्षावधी चाहते उभे राहतात, आणि त्या सर्वांच्या समोर ती स्त्री एकटी असते.

कायद्याने तिला एकटे सोडलेले नाही, हे खरे. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. तिने एस.टी. पकडून तालुक्याचे ठिकाण गाठले आणि संरक्षण अधिकाऱ्याची भेट घेतली, तर तो ज्या प्रपत्रात तिची हकीकत नोंदवतो ते कोणाही क्रीडासंघटकाने एकवार वाचून पाहावे. मारहाणीच्या रकान्यांबरोबरच घरखर्चास पैसे न देणे, अन्न, वस्त्र व औषध न पुरवणे, राहत्या घरातून बाहेर काढणे, स्त्रीधन काढून घेणे, चारचौघांत अपमान करणे, अशा एकेका कृत्यासाठी तेथे स्वतंत्र जागा आहे. हिंसा म्हणजे केवळ फुटलेले डोके नव्हे, हे कायद्याने ज्या बारकाईने जाणले आहे, ती बारकाई आपल्या क्रीडासंस्थांच्या दफ्तरात कोठेही आढळत नाही. दंडाधिकाऱ्यापुढील पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत पडावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही हा कायदा सांगतो.

प्रत्यक्षात काय घडते, याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. टेनिसपटू लिअँडर पेस यांच्याविरुद्ध त्यांच्या सहचारिणीने २०१४ साली या कायद्याखाली अर्ज केला, आणि वांद्रे येथील दंडाधिकाऱ्यांनी त्यावर आदेश दिला तो २०२२ च्या फेब्रुवारीत. त्या आदेशात पेस यांच्याकडून घरगुती हिंसेची कृत्ये घडल्याचे सिद्ध झाल्याचे नमूद करून, अर्जदार स्त्रीने सामाईक घर सोडल्यास तिला दरमहा एक लाख रुपये पोटगी व पन्नास हजार रुपये घरभाडे द्यावे, असे सांगितले होते. खालच्या न्यायालयाचा निर्णय अंतिम नसतो आणि अपिलाचा हक्क उभय पक्षांना असतो, हे ध्यानात ठेवूनही हा काळ मोजला पाहिजे. साठ दिवसांची अपेक्षा असलेल्या कामास आठ वर्षे लागली, आणि या आठ वर्षांतील बराचसा काळ पेस हे देशाच्या वतीने खेळत होते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येही ते उतरले. तेव्हा न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत आम्ही काहीच करणार नाही, असे जी क्रीडासंस्था म्हणते, तिचे म्हणणे दिसते तितके निरुपद्रवी नाही. कारण खेळाडूची उमेद दहा-बारा वर्षांची असते आणि खटला तितकाच काळ चालतो, म्हणजे निकाल येतो तेव्हा शिस्त लावण्यास खेळाडूच शिल्लक नसतो.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या मुख्य कचेरीचे ठिकाण मुंबईतच आहे, आणि त्या मंडळापुढे हा प्रश्न अगदी उघडपणे आला तो २०१८ च्या मार्चमध्ये. वेगवान गोलंदाज मोहम्मद शमी यांच्या पत्नीने त्यांच्यावर छळाचे व मारहाणीचे आरोप केले, कोलकात्यात गुन्हा नोंदला गेला, आणि शमी यांनी आरोप साफ नाकारले. मंडळाने ७ मार्चला जाहीर केलेल्या वार्षिक करारांच्या यादीतून त्यांचे नाव तूर्त बाजूला ठेवले. येथवर पाहणाऱ्यास वाटावे, की मंडळ आता घरगुती छळाच्या फिर्यादीची चौकशी करील. परंतु सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीने भ्रष्टाचारविरोधी विभागाचे प्रमुख नीरज कुमार यांच्याकडे चौकशी सोपवली ती पत्नीच्याच दुसऱ्या एका आरोपाची, म्हणजे सामन्यांच्या निकालाशी संबंधित पैशांच्या संशयाची. त्या बाबतीत कारवाईस आधार नाही असा निर्वाळा मिळताच २२ मार्चला शमी यांना तीन कोटी रुपयांच्या श्रेणीतील करार देण्यात आला, आणि त्यानंतर काही दिवसांतच ते आयपीएलमध्ये दिल्लीकडून मैदानात उतरले.

या प्रसंगात शमी दोषी होते की निर्दोष, हा माझा विषय नाही. तो निर्णय न्यायालयाचा आहे, आणि मंडळाने चौकशी केली असती तर कदाचित त्यांचे निर्दोषत्वही लवकर प्रकट झाले असते. माझा आक्षेप आहे तो मंडळाच्या मोजमापावर. एकाच स्त्रीने, एकाच वेळी, दोन प्रकारची तक्रार केली. त्यांपैकी जिच्यामुळे खेळाच्या व्यापाराला धक्का बसला असता तिची पंधरा दिवसांत शहानिशा झाली, आणि जिच्यामुळे केवळ त्या स्त्रीच्या शरीराला व इभ्रतीला धक्का बसल्याचे सांगितले जात होते तिच्यासाठी मंडळापाशी चौकशीचे साधे कलमही नव्हते. पुढे २०१९ मध्ये पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले, आणि २०२५ च्या जुलैमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पत्नी व कन्या यांना मिळून दरमहा चार लाख रुपये अंतरिम निर्वाहखर्च देण्याचा आदेश दिला. परंतु हे सारे घडले ते न्यायालयाच्या वाटेने, मंडळाच्या वाटेने नव्हे.

शिस्तीची ताकदच मंडळात नाही म्हणावे, तर तसेही नाही. २०१९ च्या जानेवारीत हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांनी दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात स्त्रियांविषयी अश्लाघ्य उद्गार काढले, तेव्हा त्यांना चालू दौऱ्यातून ऑस्ट्रेलियाहून परत बोलावून निलंबित करण्यात आले, आणि पुढे मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी वीस लाख रुपये दंड बसवला. ती कारवाई योग्यच होती. परंतु स्त्रियांविषयी वाईट बोलणे हे खेळाच्या लौकिकास बाधक आहे, आणि एका स्त्रीला मारल्याचा आरोप मात्र खेळाडूची खासगी बाब आहे, हा भेद कोणत्या न्यायबुद्धीत बसतो? त्यात एकच सूत्र दिसते, ते म्हणजे जे कॅमेऱ्यासमोर घडले त्याचीच संस्थेला लाज वाटते.

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉललाही २०१४ साली हाच धडा फार मोठी नामुष्की पत्करून घ्यावा लागला. रे राइस या खेळाडूने आपल्या वाग्दत्त वधूला लिफ्टमध्ये ठोसा मारून बेशुद्ध केल्याबद्दल लीगने त्याला प्रथम केवळ दोन सामन्यांची बंदी दिली. सप्टेंबरमध्ये त्या लिफ्टमधील चित्रफीत सर्वत्र प्रसृत झाली, लोकक्षोभ उसळला, आणि त्याच दिवशी संघाने त्याला काढून टाकले व लीगने बेमुदत बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये लवादाने ती बंदी रद्द ठरवली, कारण एकाच कृत्यासाठी दोनदा शिक्षा देता येत नाही. अगोदर अतिसौम्य, मग अतिकठोर, आणि शेवटी बेकायदा ठरलेली अशी ही कारवाई नियमाने झालेली नव्हती, लोकांच्या संतापाच्या मापाने झालेली होती. जेथे शिस्त संतापावर अवलंबून राहते, तेथे जिच्या मारहाणीचे चित्रण झालेले नाही अशा असंख्य स्त्रियांना दाद मिळण्याची आशाच संपते.

त्याच देशातील बेसबॉल लीगने २०१५ च्या ऑगस्टमध्ये अधिक विचारपूर्वक पाऊल टाकले. खेळाडूंच्या संघटनेशी बसून तिने एक लेखी धोरण ठरवले: आरोप येताच लीग स्वतः चौकशी करणार, तोपर्यंत खेळाडूला काही दिवस पगारी रजेवर पाठवता येणार, फौजदारी शिक्षा झाली नाही तरी पुराव्यानुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकणार, खेळाडूला लवादाकडे दाद मागता येणार, आणि तज्ज्ञांचे मंडळ त्याच्यासाठी समुपदेशनाचा कार्यक्रम आखणार. पुढल्याच वर्षी अरोल्डिस चॅपमन या विख्यात खेळाडूला, त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला नसतानाही, तीस सामन्यांची बंदी झाली. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगने २०१९ मध्ये आणखी एक तजवीज केली, ती अशी की अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप पोलिसांनी दाखल केला की खेळाडूने पूर्ण वेतन घेत मैदानाबाहेर बसावे. त्यात त्याच्या दोषाविषयी कोणताही निष्कर्ष नसतो.

या नियमाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जॅक डी बेलिन या खेळाडूवर लैंगिक अत्याचाराचा आरोप होता. त्याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले, तो हरला, आणि दोन वर्षांहून अधिक काळ मैदानाबाहेर राहिला. अखेरीस ज्यूरीचे बहुतेक आरोपांवर एकमत होऊ शकले नाही आणि सरकारी पक्षाने खटला सोडून दिला. श्रीलंकेचा क्रिकेटपटू दनुष्का गुणतिलक याला २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात अटक होताच त्याच्या मंडळाने निलंबित केले. पुढल्या सप्टेंबरमध्ये तो निर्दोष सुटला. हे प्रसंग विसरून नियम लिहू नये. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार खटल्यात विवाहितेच्या छळाच्या कलमाखाली सरसकट अटक करण्यास आळा घातला तो काही कारणानेच. कधी आरोप उलटसुलटही असतात: भारताचे माजी कर्णधार आणि एके काळी पुणेरी पलटणकडून खेळलेले कबड्डीपटू दीपक हुडा यांच्याविरुद्ध त्यांच्या पत्नी, विश्वविजेत्या मुष्टियोद्ध्या स्वीटी बूरा यांनी २०२५ मध्ये हुंड्यासाठी छळ व मारहाणीची फिर्याद दिली, हुडा यांनी ती नाकारून उलट तक्रार केली, आणि पोलीस ठाण्यातील झटापटीची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. अशा प्रकरणात कोणाचे खरे, हे चाहत्यांच्या आरोळ्यांनी ठरू नये आणि मौनानेही ठरू नये. ते चौकशीने ठरावे. चौकशीचा नियम जितका फिर्यादी स्त्रीच्या हिताचा आहे, तितकाच खोट्या आरोपात सापडलेल्या खेळाडूच्याही हिताचा आहे.

आणि असा नियम आपल्याला परका नाही. पोलादपूरच्या तहसील कचेरीतील एखादा तलाठी कोणत्याही गुन्ह्याखाली अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ अटकेत राहिला, तर महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९७९ च्या शिस्तविषयक नियमांनुसार तो निलंबित झाला असे मानले जाते. त्याला निर्वाहभत्ता मिळतो, त्याची खातेनिहाय चौकशी स्वतंत्रपणे चालू शकते, आणि निर्दोष ठरल्यास तो सन्मानाने कामावर परत येतो. या शिरस्त्याला कोणी अन्याय म्हणत नाही. कबड्डीतील कित्येक खेळाडू शासकीय नोकरीत आहेत, म्हणजे कचेरीत त्यांना हा नियम लागू आहे. परंतु संध्याकाळी दिव्यांच्या झगमगाटात जी संस्था त्यांना लाखो रुपये देते, तिने घरगुती हिंसेविषयीची स्वतंत्र, कोणासही वाचता येईल अशी नियमावली आजवर लोकांपुढे ठेवलेली नाही. तलाठ्याला जो मुलाहिजा नाही, तो खेळाडूला कोणत्या अधिकाराने मिळावा?

ज्यांना हे पाश्चात्त्य अनुकरण वाटते, त्यांनी तानाजींच्या धन्याचे दफ्तर उघडावे. सिंहगडाच्या परिसरातील रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केल्याची वार्ता कानी आली, तेव्हा १६४६ च्या जानेवारीत शिवरायांनी त्याला हुजूर आणवले, हकीकतीची खातरजमा केली, आणि ती खरी ठरल्यावरच शासन केले. हातपाय तोडण्याचे ते शासन त्या युगाचे होते आणि ते त्या युगातच राहावे. आपण घ्यावयाचा आहे तो त्यातील क्रम. आरोपी गावचा प्रमुख होता, वतनदार होता, राज्य उभे करण्यास ज्यांची गरज होती अशा वर्गातील होता. तरीही चौकशी टळली नाही, आणि दोष सिद्ध होताच पाटीलकी अनामत झाली. मोठेपण हे वतन आहे, ते विश्वासाने मिळते आणि विश्वासघाताने जाते, हे तत्त्व या मुलखात पावणेचारशे वर्षांपूर्वी अमलात आलेले आहे.

आता व्यवहाराचे बोलू. क्रिकेट मंडळाने, प्रो कबड्डी लीगच्या चालकांनी आणि राज्य कबड्डी संघटनेने प्रत्येक खेळाडूच्या करारपत्रात या विषयाचे कलम घालावे. तक्रार संघाकडे न जाता संघाच्या मालकाशी हितसंबंध नसलेल्या समितीकडे जावी. तीत निवृत्त न्यायाधीश, संरक्षण अधिकारी म्हणून काम केलेली व्यक्ती आणि खेळाडूंचा प्रतिनिधी असावा. आरोपपत्र दाखल होताच खेळाडूने सवेतन बाजूस राहावे. समितीने ठरीव मुदतीत, समजा नव्वद दिवसांत, आपली चौकशी संपवावी, म्हणजे डी बेलिनसारखी वर्षानुवर्षांची टांगणी होणार नाही. दोष आढळल्यास बंदीची मुदत कृत्याच्या गांभीर्याप्रमाणे ठरावी, खेळाडूच्या धावा वा गुण पाहून नव्हे. आणि समुपदेशन पूर्ण केल्याखेरीज परत येणे नाही. दोन्ही पक्षांना अपिलाचा हक्क असावा.

यात एक गोष्ट मात्र कधीही विसरता कामा नये, आणि तीच बहुधा विसरली जाते. खेळाडूचा पैसा तोडला, तर पहिली उपासमार होते ती त्याच्या बायकामुलांची. हे प्रत्येक स्त्रीला ठाऊक असते, आणि म्हणूनच कित्येक जणी तोंड उघडत नाहीत. नवऱ्याची बंदी म्हणजे आपल्या मुलाची शाळेची फी, हे गणित त्या गावकीने सांगण्यापूर्वीच मांडून बसलेल्या असतात. म्हणून रोखलेल्या वा दंड म्हणून कापलेल्या रकमेतून तिच्या व मुलांच्या निर्वाहाचा वाटा प्रथम निघावा, तिच्या नावाने थेट तिच्या खात्यात जमा व्हावा, आणि संघाने तिच्या निवाऱ्याची व वकिलाची व्यवस्था करावी. ज्या शिस्तीने फिर्यादी स्त्री अधिक दरिद्री होते, ती शिस्त नसून संस्थेने स्वतःचे अंग काढून घेणे आहे.

केंद्राने २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम संमत केला; त्यात खेळाडूंच्या, विशेषतः स्त्रिया व अल्पवयीन यांच्या, सुरक्षिततेच्या धोरणाची तरतूद आहे आणि क्रीडाविषयक तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची योजना आहे. मैदानावरील मुलीची काळजी कायद्याने घेतली, हे उत्तम झाले. खेळाडूच्या घरातील स्त्रीची काळजी घेण्यास क्रीडासंस्थांना कोणाच्या फर्मानाची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण करारपत्र त्यांच्याच हाती आहे. आणि हे कलम आज लिहिले पाहिजे, जेव्हा कोणाचेही नाव समोर नाही. नाव समोर आले की त्याचे चाहते, त्याचा संघ, त्याचा प्रांत आणि त्याचे प्रायोजक नियम वाकवू पाहतात. मग सौम्य नियम केला तर तो त्याला वाचवण्यासाठी, कठोर केला तर तो त्याला बुडवण्यासाठी, असा वहीम येतो आणि न्यायावरचा विश्वास उडतो. पुढील हंगामाच्या करारांवर सह्या होण्यापूर्वी क्रिकेट मंडळाने आणि कबड्डी लीगने आपली नियमावली मराठीसह देशभाषांत जाहीर करावी, गावोगावच्या मंडळांना धाडावी, आणि आपल्या पोराला मोठे झालेले पाहू इच्छिणाऱ्या प्रत्येक गावाने ती त्यांच्याकडे हक्काने मागावी.